लॅमरच्या नावाची चिठ्ठी

लॅमर दारातून आत आला तेव्हा माझ्या हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. वाटलं, तो गठ्ठा त्याच्या तोंडावर फेकावा आणि म्हणावं, चालता हो. पण आमच्या वर्षाच्या गाण्याला कुणालाच चालता हो म्हणता येत नाही. जुलैचा दुसरा रविवार, चर्चचं दार सताड उघडं. जो येईल तो बसेल, जो बसेल तो गाईल, आणि ज्यानं दाराशी चिठ्ठीवर नाव लिहिलं त्याला एकदा मध्ये उभं राहून, हातानं ठोका देत सगळ्यांकडून गाणं गाऊन घ्यायला मिळेल. गळा असो वा नसो. माझ्या आजोबांपासून हे असंच चालत आलंय. यंदा नावं पुकारायचं काम माझ्याकडे होतं. माझंच नशीब फुटकं, दुसरं काय!

त्यानं नाव लिहिलं आणि चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. "काकू," एवढंच म्हणाला. मी वर पाहिलं नाही.

या लॅमरशी माझ्या लेकीचं, जेनेलचं लग्न ठरलं होतं. लग्नाला तीन आठवडे उरले असताना हा दारू पिऊन गाडी चालवत होता आणि ती शेजारी बसली होती. गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली. ती गेली, हा वाचला. सात वर्षं तुरुंगात काढून बाहेर आला आणि सरळ इथंच आला.

आमच्याकडे चौकोनात चारी बाजूंना बाकं असतात, तोंडं एकमेकांकडे. आम्ही उंच सुराच्या बायका आणि समोर खर्जाचे पुरुष. म्हणजे हा नेमका माझ्या डोळ्यांसमोर बसला, माझ्या नवऱ्याच्या शेजारी. त्याच्याकडे पुस्तक नव्हतं. मग आमच्या हॉयटनं काय करावं? स्वतःचं पुस्तक त्याच्यापुढे सरकवलं! दोघं एका पुस्तकातून गायला लागले. माझं टाळकंच सरकलं. गठ्ठ्यातून त्याची चिठ्ठी काढली आणि झग्याच्या खिशात कोंबली.

सकाळभर मी नावं पुकारत होते. पाच वर्षांची एक पोर येऊन गेली. दूरच्या गावाहून पहिल्यांदाच आलेला एक मास्तर येऊन गेला. आमच्या पुस्तकात प्रत्येक सुराला आकार असतो; त्रिकोणाचा सूर कुठला आणि शंकरपाळीचा कुठला, हेही बिचाऱ्याला कळत नव्हतं. त्यालाही आम्ही सांभाळून घेतलं. लॅमरचं नाव काही निघालं नाही.

जेवणाची टेबलं बाहेर झाडाखाली मांडली होती. हॉयट कोंबडीचा तुकडा घेत होता, तिथं मी त्याला गाठलं.

"लाज नाही वाटली पुस्तक द्यायला?"

"पुस्तकाशिवाय गाणार कसा तो?"

"न गाईना का! तुझी कुणीच नव्हती वाटतं ती?"

त्यानं ताट खाली ठेवलं. "माझीही होती, क्लीटा. पण या दाराला कडी नाही. ती आज तू घालू नकोस."

माझी बहीण मोडीन कान देऊन उभीच होती. "त्याची चिठ्ठी खिशात घातलीस ना? मी बघितलंय हं. तुला जमत नसेल तर मी पुकारते."

"तू आपले वाटाणे वाढ," मी म्हटलं.

पण जेवण झाल्यावर माझ्या डोक्यात भलतंच शिरलं. याला बाकावरच्या गर्दीत लपून का बसू द्यायचं? येऊ दे मध्ये! चारी बाजूंनी आम्ही त्याच्याकडे बघू. जेनेलच्या मैत्रिणी बघतील, मी बघेन. त्याचा आवाज फुटणार नाही, हात उठणार नाही, सगळ्यांदेखत मान खाली घालून जाईल. मला तेच हवं होतं. चांगुलपणा वगैरे त्यात काडीचा नव्हता.

"लॅमर पिकेट," मी पुकारलं.

तो मध्ये आला आणि त्यानं पान सांगितलं. जेनेलचं गाणं. दर वर्षी ती तेच घ्यायची.

"मेल्या, तुझी हिंमत कशी झाली," मी पुटपुटले. पण पान सांगितलं की गायचं, ही रीत. सूर मिळाला. आधी नुसती सुरांची नावं, फा, सो, ला. त्यानं हात उचलला.

आणि मी गायचंच विसरले.

खाली ठोका, वर ठोका, सगळे तसाच देतात. पण जेनेलचा हात वर गेला की तिथं जरासा रेंगाळायचा, उंच फळीवरची बरणी चाचपावी तसा, आणि मग बरोबर वेळेला खाली यायचा. मी किती ओरडायचे तिला, "अगं, लोक अडखळतील!" ती म्हणायची, "अडखळले का कुणी, आई? मग?" याला तिनंच शिकवलं होतं, माझ्या स्वयंपाकघरात, टेबलावर हात आपटून. लॅमरचा हात तसाच वर जात होता, तसाच रेंगाळत होता. सात वर्षांत मी ते विसरले होते. विसरलेय, हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. घरात तिचे फोटो आहेत की, भिंतभर आहेत! पण फोटोत हात हलत नाही.

गाणं संपलं. तो बसायला वळला, तशी मी उभी राहिले. बाकावरून कुणी सांगायची रीत नाही, मध्ये उभा असेल त्याचाच शब्द.

"पुन्हा," मी म्हटलं. "पहिल्यापासून. सगळं."

त्यानं पुन्हा घेतलं. मी एक अक्षर गायले नाही, नुसती बघत होते. संपलं तेव्हा बायका डोळे पुसत होत्या. मोडीननं मला मिठीच मारली. "केलंस गं बाई! मन मोठं केलंस!" समोर हॉयट पुस्तकात तोंड खुपसून रडत होता.

शेवटचं गाणं झाल्यावर लॅमर पायऱ्यांशी थांबला होता. "काकू, तुम्ही मला कधी माफ कराल, असं वाटलं नव्हतं..."

"नाही केलं," मी म्हटलं. "उगाच गैरसमज नको. या जन्मी ते व्हायचं नाही माझ्याच्यानं. तुझा हात तिच्यासारखा हलतो. मला तो बघायचा होता."

त्यानं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. त्याला ठाऊकच नव्हतं. चेहरा पार उतरला त्याचा.

"मग पुढच्या वर्षी मी येऊ नको ना?"

नको, असंच ओठांवर होतं. देवाशप्पथ, तेच होतं.

"ये," मी म्हटलं. "आणि तेच गाणं घे."

ज्या हातांनी माझी पोर पुलावर नेली, त्यातल्याच एकाची आता मी वर्षभर वाट बघणार. मला इतकी शरम वाटली की घरी येईपर्यंत गाडीत हॉयटला काही सांगता आलं नाही. तो मात्र सारखा माझ्या गुडघ्यावर थोपटत होता. "बरं केलंस, क्लीटा," म्हणत होता. "आज तू फार बरं केलंस."