साहेबाचा सुरा

मी साहेबाचा सुरा बोलतोय. 'साहेबाचा' म्हटल्याबरोबर तुम्ही जरा सावरून बसला असाल. मीही पन्नास वर्षं असाच ताठ होतो, भिंतीवरच्या खिळ्याला. तो ताठा कसा उतरला ते सांगतो. हसू आलं तर खुशाल हसा, मी स्वतः हसून मोकळा झालोय.

लोखंडाला आपला जन्म आठवत नाही. भट्टीत लाल होऊन घण खाताना आजूबाजूला कोण बघतं? माझी पहिली धड आठवण म्हणजे निमगाव केतकीतल्या एका घराची भिंत. घर बादशाहभाईंचं. ते विड्याच्या पानांचा व्यापार करतात. त्यांचे वडील दस्तगीर शिंपीकाम करायचे. बादशाहभाई तीन वर्षांचे असताना ते तापानं गेले. मागं राहिलं एक शिलाई मशीन आणि मी. मशीन आत्याकडं गेलं, मी राहिलो.

"साहेबाचा सुरा हाय, नीट ठेव," एवढंच मोठ्या माणसांनी त्या पोराला सांगितलं होतं. बाकीचं पोरानं स्वतः भरलं, आणि मोठं होईपर्यंत भरतच राहिलं. साहेब इंग्रज झाला. सुप्याच्या माळावर चिंकारा मारायला आला. बादशाहभाईंच्या आजोबांनी त्याला वाट दाखवली, आणि खूश होऊन त्यानं कमरेचा सुरा काढून दिला. काही वर्षांनी गोष्टीत बिबट्या शिरला. माझी मूठ आधी नुसतीच मूठ होती, ती सांबराच्या शिंगाची झाली.

मी काय करावं? खोटं आहे म्हणावं, तर खरं काय ते मला तरी कुठं ठाऊक होतं! पात्यावर इंग्रजी अक्षरं होती. पाहुणा आला की मी मुद्दाम उजेडाच्या बाजूनं चमकायचो.

पाहुणा गेला की बादशाहभाईंच्या पत्नी बानूभाभी मला खाली घ्यायच्या आणि कलिंगड कापायच्या. पानांच्या करंड्यांचे दोर कापले, तेलाच्या डब्यांची तोंडं फोडली, एकदा तर अडकलेल्या कुकरचं झाकण उचकटलं. मारलेलं सगळ्यांत मोठं जनावर म्हणाल तर एक झुरळ, तेही मी खिळ्यावरून निसटून पडलो म्हणून.

असं सगळं सुखात चाललं होतं. मग बादशाहभाईंची मुलगी साजिया वनरक्षकाच्या भरतीत पास झाली. पहाटे मैदानावर धावून, रात्री अभ्यास करून तिनं यादीत नाव आणलं होतं. आता फक्त कागदपत्रं आणि चारित्र्य पडताळणी राहिली होती. पेढे वाटताना बादशाहभाईंना भरतं आलं. त्यांनी मला हातात घेतलं आणि पुतण्या शाहिदच्या मोबाइलसमोर उभे राहून सांगितलं, "आमच्या आज्यानं चिंकारं मारली, आन् पोरगी आता जंगलाची सायेबीन झाली! ही मूठ बघा, अस्सल सांबराचं शिंग!"

शाहिदनं वर तुतारी लावून ती रील सोडली. दोन दिवसांत ती हजारो लोकांनी पाहिली. तिसऱ्या दिवशी वनखात्यातून फोन आला. फोनवरचे साहेब सभ्य होते. म्हणाले, "मूठ खरंच सांबराच्या शिंगाची असेल, तर ती विनापरवाना घरात ठेवणं गुन्हा आहे. आम्हाला तपासावं लागेल. आधी जाणकाराला दाखवून घ्या." जाणकाराचं नावही त्यांनीच सांगितलं.

 साजियानं मला खिळ्यावरून काढलं आणि टॉवेलात गुंडाळलं.

"अब्बा, खरं सांगा. शिंग हाय का?"

"मी काय सांगू बाई? मी तर लहानपणापासनं..." बादशाहभाईंनी मोकळ्या खिळ्याकडं बघितलं. "फेकून देऊ का कॅनॉलमध्ये?"

"रील बघितलीय सगळ्यांनी. फेकला तर जास्तच वाटंल."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं मोटरसायकलवरून बारामतीला गेलो. त्या जाणकार म्हणजे विजयमाला मॅडम, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. जुनी हत्यारं जमवायचा त्यांना नाद. एका भिंतीवर खरीखुरी कट्यार, दांडपट्टा, बिचवा. मी टॉवेलातून बाहेर आलो आणि त्या मंडळींसमोर ऐटीत पहुडलो. आपल्या जातीत आलो, असं वाटलं. आता आठवलं की पात्याला घाम फुटतो.

मॅडमनी भिंग लावलं. "शेफील्ड लिहिलंय. पण एक एफ कमी आहे."

"म्हंजी?" बादशाहभाईंनी विचारलं.

"म्हणजे इंग्लंडमधल्या कारागिराला स्वतःच्या गावाचं नाव लिहिता येत नसेल, असं मला वाटत नाही." मग त्यांनी पातं बोटानं वाजवलं, कडेनं निरखलं. "हा ट्रकचा कमानपाटा आहे. तापवून, ठोकून पातळ केलाय. पण काम सुबक आहे हं."

कमानपाटा! म्हणजे मागच्या जन्मी मी उसाच्या मोळ्यांखाली नाहीतर खताच्या पोत्यांखाली कण्हत होतो. भिंतीवरची कट्यार हसल्यासारखी वाटली मला.

मुठीच्या टोकाला पितळेची टोपी होती. मॅडमनी ती पान्यानं फिरवून काढली. आत नटाखाली वायसर म्हणून दहा पैशांचं ॲल्युमिनियमचं नाणं बसवलेलं. मधे भोक पाडलेलं, पण साल शाबूत होतं.

"एकोणीसशे चौऱ्याहत्तर," मॅडम म्हणाल्या. "त्याआधी हा बनलेला असूच शकत नाही."

इंग्रज जाऊन तेव्हा सत्तावीस वर्षं झाली होती. बादशाहभाई माझ्याकडं बघत राहिले. पण साजियाचा चेहरा वेगळ्याच कारणानं उतरला. "मॅडम, वन्यजीव कायदा बहात्तरचा. मूठ शिंगाची निघाली, तर कायद्यानंतरची शिकार ठरंल."

मॅडमनी मान हलवली. गॅसवर सुई लाल केली, मला उलटं धरलं आणि मुठीच्या आतल्या कडेला टोचली. केस जळल्यासारखा वास आला तर गाई-म्हशीचं शिंग, दात कोरताना येतो तसा आला तर हाड किंवा सांबराचं शिंग, असं त्या सांगत होत्या. मी श्वास रोखून धरला. खरं सांगतो, माझ्यातला एक नालायक भाग अजूनही म्हणत होता: सांबर निघू दे, थोडी तरी अब्रू राहील. एका पोरीची नोकरी पणाला लागली होती आणि मला माझ्या खानदानाची पडली होती!

बारीक धूर निघाला. बादशाहभाईंनी हुंगलं. "हा तर चुलीचा वास हाय."

"लाकूड. बाभळीचं असावं," मॅडम म्हणाल्या. "खाचा कोरून वर लाखेचे हात दिलेत."

साजियानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती रडत होती की हसत होती, ते मला कळलं नाही. मॅडमनी तपासणीचा कागद लिहून दिला. बादशाहभाई मात्र ते भोक पाडलेलं नाणं चाचपत होते. म्हणाले, "बाप काय आठवत न्हाय मला. ह्यो सुराच व्हता. त्यो बी खोटा निघाला."

मॅडमनी मला परत उजेडात धरलं. "बनावट नाही हो. कुणीतरी मन लावून बनवलाय. ही खूण बघा, तीन ठिपके आणि खाली रेघ. माझ्याकडच्या अडकित्त्यावर हीच आहे. अंथुर्ण्याच्या दत्तोबा लोहारांची. पंच्याऐंशीच्या घरात असतील, पण आहेत."

अंथुर्णे परतीच्या वाटेवरच. दत्तोबा अंगणात बाजेवर बसले होते. डोळ्यांनी जवळपास दिसत नव्हतं. साजियानं मला त्यांच्या हातात दिलं. त्यांचा अंगठा पात्यावरून सरकत ठिपक्यांपाशी थांबला.

"आरं! सायबाचा सुरा!"

"कंच्या सायबाचा, तात्या?" बादशाहभाईंनी विचारलं.

"कंच्या म्हंजी? दस्तगीर सायबाचा! गणपतीतलं नाटक न्हवतं का, पंच्याहत्तर सालचं. दस्तगीर इंग्रज सायेब झाला व्हता. हॅट, विजार, समदं सवता शिवलं त्यानं. त्यापायी तर गाव त्याला मरंस्तवर सायेब म्हणायचं. तू कोन?"

"त्यांचा ल्योक. बादशाह."

म्हाताऱ्यानं हात पुढं करून बादशाहभाईंचा चेहरा चाचपला. नाक, मिशी, कान. "कान त्याचंच हायती," ते म्हणाले. "आन् वाघ मी व्हतो."

"तुमी?"

"मग! मी मरून पडलो, आन् सायेब आपलं भाषनच इसारला. मेल्या वाघानं खालून भाषन सांगितलं. मानसं हसून हसून लोळली. ऊठ, हिकडं उभा ऱ्हा. सुरा माज्या छातीला लाव. आन् म्हन: टुम वाग हाय, टो हम सायब हाय!"

बावन्न वर्षांचे बादशाहभाई उठले. मला त्यांनी म्हाताऱ्याच्या छातीपासून चांगलं वीतभर लांब धरलं.  त्यांना अजिबात न आठवणाऱ्या बापाचं ते वाक्य होतं.

"टुम वाग हाय," ते म्हणाले, आणि अडले.

"टो हम..." वाघानं हळूच पुढचं सांगितलं.

"टो हम सायब हाय!"

दत्तोबांनी एक डरकाळी फोडली. गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. मग ते जीभ बाहेर काढून बाजेवर आडवे झाले. साजिया, दत्तोबांची सून, शेजारीपाजारी सगळे खदाखदा हसत होते. बादशाहभाईही हसत होते आणि डोळे पुसायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं.

तपासणीचा कागद वनखात्यानं मान्य केला. साजिया रुजू झाली. खाकी वर्दी तिला शोभते. शाहिदनं नवी रील टाकली, ती मात्र फारशी कुणी पाहिली नाही. खरं माझ्याइतकंच बोथट असतं, काय करणार!

सध्या मी खिळ्यावर नाही, बादशाहभाईंच्या कमरेला आहे. कारण यंदाच्या गणपतीत तेच नाटक पुन्हा बसतंय आणि साहेब तेच होणार आहेत. बानूभाभी म्हणतात, म्हातारचळ लागलाय. दत्तोबांना आणून पुढच्या खुर्चीत बसवायचं ठरलंय, भाषण विसरलं तर सांगायला. साजियाची एकच अट आहे: या खेपेला वाघ मरणार नाही. ती आता सरकारी माणूस, तिच्यासमोर वाघ मारायचा म्हणजे पंचाईत. तेव्हा शेवटी साहेबच पळणार, आणि पळताना मी त्यांच्या हातातून पडणार. एवढंच माझं काम, पण मी तालमीला रोज वेळेवर पडतो.

फक्त वाघ अजून मिळालेला नाही. गावातली पोरं साहेब व्हायला तयार आहेत, वाघ व्हायला लाजतात. तुमच्यापैकी कुणाची इच्छा असेल तर निमगावात येऊन बादशाहभाईंचं घर विचारा. मला भिऊ नका. साजियानं माझी धार दगडावर घासून पार घालवलीय, आता माझ्यानं कलिंगडसुद्धा कापलं जात नाही.