छत्राच्या दाराचं कुलूप

मी एक जुनं पितळी कुलूप आहे, मित्रांनो, आणि मला उघडं राहायला आवडतं. हसू नका!

माझा जन्म दक्षिणेतल्या, कुलपांसाठी नावाजलेल्या दिंडुक्कलचा. कारागिराने कानस घासून घासून मला घडवलं आणि म्हणाला, "याला फोडणारा अजून जन्माला यायचाय." मी काय फुशारलो होतो तेव्हा! पुढे तिरुवैयारूजवळच्या एका गावात आलो. तिथे वाटसरूंसाठी बांधलेलं छत्र, म्हणजे धर्मशाळा, होतं. जाड भिंती, दगडी खांब, पक्कं छप्पर. त्या दाराला कुलूप कधी ठाऊकच नव्हतं. पण नव्वद सालानंतर घरोघर नव्या वस्तू येऊ लागल्या. गल्लीने वर्गणी काढून छत्रात रंगीत टीव्ही आणला, आणि त्याच्या राखणीला मी आलो. माझी किल्ली गल्लीतल्या वडीलधाऱ्या शेषम्मांच्या देव्हाऱ्यात राहायची.

येणारे-जाणारे मला ओढून बघत, "भक्कम आहे हो," म्हणत. पण कडीत अडकलेल्याला कसलं सुख? धड वळता येत नव्हतं, मागे काय आहे तेही दिसत नव्हतं.

एका कार्तिकातल्या शुक्रवारी दुपारी टीव्हीवर बातमी आली, वादळ येतंय. "या महिन्यात वारा यायचाच," म्हणत लोकांनी टीव्ही बंद केला, मला लावलं आणि घरी गेले. अहो, हल्लीची वादळं पूर्वीसारखी राहिलीत का? दर वेळी जास्त दांडगी!

दिवेलागणीला झोपड्यांची छपरं उडाली. सखल भागातली माणसं छत्राकडे धावली. सगळ्यांच्या पुढे हार गुंफून पोट भरणारी कमलाक्षी होती, कडेवर तान्ही लेक घेऊन. आणि दाराला मी! रंगराव मास्तर किल्ली आणायला पळाले आणि रिकाम्या हाताने परतले.

"काय झालं मास्तर?"

"शेषम्मा दिवा लाविला म्हणतात. शुक्रवारी दिवा लावल्यावर किल्ली उंबऱ्याबाहेर गेली तर लक्ष्मी जाते म्हणतात."

"अय्यो! आणि आम्ही गेलो तर?" कमलाक्षी ओरडली.

लोकांनी मला दगडांनी ठेचलं. मारा, अजून मारा, असं मी मनात म्हणत होतो. मी तुटेना. आत टीव्ही कोरडा ठणठणीत आणि बाहेर लेकरं गारठलेली. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. एवढ्यात ओसरीवर माड कोसळला. कमलाक्षीने लेकीला पोटाशी धरलं आणि घाव स्वतःच्या हातावर घेतला.

तेवढ्यात शेषम्मा आल्या, भिजलेल्या, मुठीत किल्ली घेऊन. त्यांच्याच घराची कौलं उडून दिवा विझला होता. त्यांनी मला उघडलं. त्यांनी कमलाक्षीचा मोडलेला हात पाहिला. मग पदर फाडून तो बांधू लागल्या.

"अक्का, थोडं आधी आला असतात तर..." कमलाक्षी एवढंच म्हणाली.

शेषम्मांनी गाठ आवळली आणि तिच्या लेकीला आत नेलं.

पुढच्या वर्षी, आमच्याकडे पाऊस सुरू होतो त्या ऐप्पसी महिन्याच्या पहिल्या दिवशी त्यांनीच मला काढून आत खुंटीला टांगलं. "पावसाळा सरेपर्यंत दार उघडं राहील. टीव्ही गेला तर गेला," त्या म्हणाल्या. गल्लीने छत्रात तांदूळ, कंदील, घोंगड्या आणून ठेवल्या. पाण्याचा पाट उपसला. बातमी आली की मास्तर घरोघर सांगत फिरतात, आणि संध्याकाळ व्हायच्या आत म्हातारी माणसं, लेकरं छत्रात असतात. त्यानंतर दोन मोठी वादळं आली. टीव्ही आहे तिथेच आहे.

मी आता गंजलोय. मला कोणी पुसत नाही आणि मला त्याचं काही वाटत नाही. पण मित्रांनो, माणसं विसरतात. मागच्या वर्षी नवा पंखा बसला आणि कोणीतरी म्हणालं, "कुलूप लावू या का परत?"

नका लावू. तुमच्या गावातल्या भक्कम दाराची किल्लीही कोणाच्या देव्हाऱ्यात अडकलीय का, ते वादळाच्या आधी बघा. कमलाक्षी अजून हार गुंफते, पण तिचं मनगट वाकडंच सांधलंय. तिला किल्ली फिरवता येत नाही.