वितळलेल्या कडेची फरशी

मित्रांनो, मी टंग्स्टन धातूची एक जुनी फरशी आहे. तळहातावर मावते, पण उचलायला जड. माझी एक कड वितळून ओघळली आहे. ती पाहून मुले हसतात. हसा. माझा राग तुमच्यावर नाही.

नानाखेड्याच्या वस्तीपुढे एका प्रयोगशाळेत हातातल्या कड्यासारखे गोल, पोकळ भांडे आहे. त्यात वायू इतका तापवतात की सूर्याचा गाभा त्यापुढे थंड म्हणावा. लोहचुंबक त्याला भिंतींपासून दूर धरतात. पाहुणे त्या उजेडाचे कौतुक करतात. पण चूल पेटली की राख आणि धग कुठेतरी जायचीच. ती चुंबकांनी खाली वळवून तळाशी बसवलेल्या आम्हां फरश्यांच्या अंगावर सोडतात. आमच्या पोटाखालून पाण्याच्या नळ्या जातात, म्हणून आम्ही टिकतो.

अट एकच. सगळ्या फरश्या एका पातळीत हव्यात. मग धग तिरकी येते आणि पसरते. एखादीची कड जराही वर आली, तर ती समोरून भाजते. सिंहस्थाच्या गर्दीत रांगेबाहेर राहिलेला पाय तुडवला जातो, तसे.

आम्हांला बसवायचे काम कुसुमताईचे. तिच्या हाताखाली आम्ही वर्षानुवर्षे तापलो आणि शाबूत राहिलो.

मागच्या खंडेनवमीला यंत्राची पूजा झाली. मी तेव्हा बाहेर पूजेच्या ताटात होते, माझी जागा रिकामी होती. प्रमुख यशोधन सरांनी उघड्या दारातून आत अक्षता टाकल्या. नंतर कुसुमताईने सगळे पुसले, मला बसवले, कडेवरून बोट फिरवले आणि ती थांबली.

"सर, खाली तांदळाची कणी राहिलीय. एकदा उचलू द्या."

"अहो ताई, महाकालाच्या नावाच्या अक्षता आहेत त्या, नुकसान थोडीच करणार? दार लावा, मुहूर्त निघून जाईल."

पाहुणे हसले. यंत्र चालवणारा पराग शेजारीच उभा होता. तो आपल्या बुटांकडे पाहत राहिला.

भांडे पेटवण्याआधी आतली हवा उपसावी लागते, त्याला पुढे बरेच दिवस लागले. तेवढ्यात दार उघडता आले असते. ताईने पुन्हा विनवले. शुभ मुहूर्तावर लावलेले दार उघडायचे नाही, असे उत्तर आले.

मग भांडे पेटवले. माझी कड वितळली, नळी फुटली, आत पाणीच पाणी झाले. कणी तर जळून गेली होती. चौकशीत सरांनी एवढेच विचारले, की फरश्या बसवते कोण? कुसुमताईला कामावरून काढले. जाताना ती परागला म्हणाली, "तू तर तिथंच होतास ना रे?"

"ताई, मी काय बोलणार," तो म्हणाला.

आता मी काचेच्या कपाटात असते. एका बाईने घाई केली म्हणून असे झाले, असे सर पाहुण्यांना सांगतात. घाई, आणि तिने!

मित्रांनो, वस्तू जपा असे तुम्हांला शाळेत शिकवतात. जरूर जपा. पण फरशी बिघडली तर दुसरी बसते. माझ्या जागी बसलीही आहे. जिने वेळेवर सावध केले, तिच्या बाजूने बोलायला एक तरी माणूस उभा राहायला हवा होता. मी सगळे पाहिले, पण मला तोंड नव्हते. परागला होते.