कौशल्याबाईचं इंग्रजी

“ट्यासिटर्न,” भाकरी थापता थापता कौशल्याने विचारलं. पुस्तक पिठाच्या डब्याला टेकवून उभं केलं होतं आणि पीठ लागू नये म्हणून ती कोपराने पान उलटत होती.

“अबोल. कमी बोलणारा,” गालाला साबण लावता लावता ज्योतीराम म्हणाला.

“आन् म्याग्नॅनिमस?”

त्याचा हात थांबला. तिने जरा वाट पाहिली आणि मग स्वतःच सांगितलं, “मोठ्या मनाचा. काल बी हितंच गाडी अडली हुती.”

ज्योतीराम महाळुंग्याचा, शेतकऱ्याघरचा. मॅट्रिक होऊन पिंपरीच्या नव्या कारखान्यात कारकून म्हणून लागला होता आणि कॉलनीत दोन खोल्या मिळाल्या होत्या. साहेब व्हायचं त्याच्या मनाने घेतलं होतं. त्यासाठी तो बाहेरून इंटरच्या परीक्षेला बसला. पण कॉलनीत कुणापुढे इंग्रजी उच्चारायचं म्हटलं की त्याची जीभ अडखळे, लोक हसतील असं वाटे. म्हणून अभ्यास घ्यायला त्याने बायकोला तयार केलं. कौशल्याची शाळा चौथीत सुटली होती. पुस्तकातून प्रश्न विचारता यावा एवढीच इंग्रजी अक्षरं त्याने तिला शिकवली.

ती मात्र तेवढ्यावर थांबली नाही. तो कामावर गेला की ती पुढचं पान काढून बसे. शब्दामागून शब्द तोंडात घोळवी. नळावरची मंजुळाबाई घागर भरून झाली तरी बोलायची थांबत नसे. कौशल्या मनातल्या मनात तिला ‘गॅर्युलस’ म्हणे आणि घरापर्यंत एकटीच हसत येई. एवढीच तिची चैन होती.

इंटरला एक कादंबरी होती आणि तिच्यातल्या माणसांवर प्रश्न येत. प्रोटॅगॉनिस्ट म्हणजे नायक, अँटॅगॉनिस्ट म्हणजे त्याच्या वाटेत उभा राहणारा. हे तिला पटकन समजलं. अडलं ते ‘फॉइल’पाशी.

“नायकाच्या शेजारी उभं केलेलं साधं माणूस,” ज्योतीरामने समजावलं. “त्याच्यामुळं नायक उठून दिसतो.”

“मग त्याचं पुढं काय हुतं?”

“त्याचं काय व्हायचंय? ते परीक्षेला विचारत नाहीत.”

ज्योतीराम इंटर झाला. कारखान्यात त्याला वरची जागा मिळाली आणि मोठ्या साहेबांनी दोघांना बंगल्यावर चहाला बोलावलं. कौशल्या ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली. निघताना त्याने तिला बजावलं की तिथे बोलू नकोस, तुझं बोलणं गावाकडचं आहे. कुणी पाहिलं तर नुसतं हस.

साहेब मद्रासकडचे. त्यांना मराठी येत नव्हतं, पण ते इंग्रजी सावकाश, शब्द सुटे करून बोलत. कौशल्याला अर्ध्याहून अधिक कळत होतं आणि ते कळतंय याचंच तिला नवल वाटत होतं. साहेब ज्योतीरामची तारीफ करत होते. खेड्यातलं घर, हाताला धरून शिकवणारं कुणी नाही, तरी हा माणूस एकट्याच्या बळावर इथवर आला. ज्योतीराम मान खाली घालून ऐकत होता आणि त्याचे कान आनंदाने लाल झाले होते.

मग बाईसाहेबांनी विषय काढला. कॉलनीतल्या बायकांसाठी अक्षरओळखीचा वर्ग काढायचा होता, त्याला शिकवणारी बाई हवी होती. तुमच्या मिसेसना लिहिता-वाचता येतं का, असं त्यांनी ज्योतीरामला विचारलं. ‘टीच’ हा शब्द कौशल्याच्या कानावर पडला. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

“शी इज इलिटरेट, मॅडम,” ज्योतीराम म्हणाला.

बाईसाहेबांनी हळहळून बिस्किटांची बशी तिच्यापुढे सरकवली. साहेबांनी ज्योतीरामच्या पाठीवर थाप मारली. काय करावं ते न सुचून कौशल्याने एक बिस्किट उचललं आणि ती हसली. तसं सांगितलंच होतं.

परतीच्या वाटेवर तिने विचारलं, “मला वाचता येतं. मग न्हाई का म्हनला?”

“साहेब म्हणाले, हाताला धरून शिकवणारं कुणी नाही. त्यांचं बोलणं खोडायचं होतं का मी?”

“पर तुमाला ठावं हाय.”

तो जरा भरभर चालू लागला. “बायकोनं अभ्यास घेतला म्हणून पास झालो, असं सांगू साहेबांना?”



वर्ग सुरू झाला. शिकवायला गोजाबाई नावाच्या एका कारकुनाच्या बायकोला घेतलं. दोन दिवसांनी बंगल्यावरचा शिपाई दारात आला: बाईसाहेबांनी आठवणीने निरोप धाडला होता की ज्योतीरामच्या मिसेसनी वर्गाला जरूर यावं, अक्षर शिकायला लाज बाळगू नये. शिपाई गेल्यावर कौशल्याने नवऱ्याकडे पाहिलं. तो बराच वेळ बुटाचे बंद बांधत बसला.

“जा,” शेवटी तो म्हणाला. “नाही गेलीस तर उगाच चौकशी होईल.”

ती गेली. सतरंजीवर मंजुळाबाईशेजारी पाटी घेऊन बसली. पहिल्या दिवशी ग, म, भ, न काढायचे होते. मंजुळाबाईची पेन्सिल कर्रकर्र वाजत होती. कौशल्याने आपला हात मुद्दाम कापरा केला, ‘ग’ वाकडा काढला, पुसला, पुन्हा वाकडाच काढला. गोजाबाई पाठीमागे येऊन म्हणाल्या, तुम्हाला लवकर जमेल हो, हाताला वळण आहे. बाईसाहेब तपासायला आल्या तेव्हा त्यांनी तीच पाटी उचलून सगळ्यांना दाखवली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. कौशल्या जमिनीकडे बघत राहिली.

पुढे ज्योतीरामने बी.ए.ची पुस्तकं आणली. त्यातलं वरचं उचलून त्याने सवयीने ते तिच्या पिठाच्या डब्यापाशी ठेवलं.

“विचार.”

कौशल्याने पिठाचे हात धुतले, पदराला पुसले, पुस्तक उचललं आणि त्याच्या हातात दिलं.

“माझी अजून बाराखडी चालू हाय,” ती म्हणाली.

तो हसला, मग थांबला. रागावून पाहिलं, समजावून पाहिलं. तिने आवाज चढवला नाही. जेवण वेळेवर वाढलं, डबा भरला, आणि पुस्तकाकडे नजर टाकली नाही.

संध्याकाळी ती सूप घेऊन पायरीवर तांदूळ निवडत बसली. आत ज्योतीराम स्वतःच शब्द विचारत होता आणि स्वतःच अर्थ सांगत होता. एका शब्दाशी तो अडला. पुन्हा उच्चारला. सवयीने वाट पाहत राहिला.

कौशल्याची बोटं सुपात थबकली. अर्थ तिच्या ओठांवर आला होता. तिने एक खडा उचलला, अंगणात टाकला आणि पुन्हा खाली मान घातली.