दोनशे चौदा चुका

कारखान्यातल्या जुन्या युनिक्स संगणकावर भाचीला नवा प्रोग्राम चढवायचा होता, पण तो कंपाइल करायला, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरवायला गेलं की दोनशे चौदा चुका! दोन दिवस डोकं फोडून तिने शेवटी आत्याला बोलावलं. आत्याची अख्खी नोकरी याच मशीनवर गेली होती.

आत्याने चष्मा चढवला, फक्त पहिली चूक वाचली आणि हसली. "अगं, प्रोग्राममध्ये दोन तिरप्या रेघा मारून टीप लिहायची पद्धत नंतरची. या म्हाताऱ्याला ती कळत नाही. तिरपी रेघ आणि चांदणी वापर."

भाचीने सगळ्या टिपा बदलल्या. चुका तीनवर आल्या.

"याही त्याच्या म्हातारपणामुळेच ना?"

"छे! ओळींच्या शेवटचे तीन सेमीकोलन तूच खाल्लेस. म्हणे अंगण वाकडं!"

भाचीने जीभ चावली आणि तिन्ही सेमीकोलन भरले. जेवणाच्या सुट्टीआधी प्रोग्राम सुरळीत चालू लागला.