साडेपाचचा आवाज

आई आता साडेचारलाच उठायची. बाबांच्या खोलीबाहेर पॅसेजमध्ये लाकडी खुर्ची टाकून बसायची. हातात काही नाही, तोंडाने काही नाही. सात वाजले की खुर्ची उचलून जागेवर ठेवायची आणि मग तिचा दिवस सुरू व्हायचा. बाबांना जाऊन सहा आठवडे झाले होते आणि एकही पहाट तिने चुकवली नव्हती.

लेक दुसऱ्या शहरातून चार दिवसांसाठी आली होती. पहिल्याच पहाटे पाणी प्यायला उठली आणि अंधारात आईला तशी बसलेली बघून दचकली.

"आई, काय हे? अशाने आजारी पडशील."

"पडले तर पडले. झोपून काय दिवे लावले ते माहीत आहे ना तुला?"

लेक पाणी न पिताच खोलीत परत गेली.

बाबा तराजू दुरुस्त करायचे. बाजारातले नव्हेत, प्रयोगशाळांमधले, केसाचंही वजन सांगतील असे. निवृत्त झाल्यावर मोजमापाची ती खोड जाईना, तेव्हा त्यांनी गच्चीवर थर्मामीटर आणि पाऊस मोजायचं भांडं बसवून घेतलं. रोज पहाटे साडेपाचला कॉम्प्युटर लावायचा, आदल्या दिवसाचे आकडे हवामान कार्यालयाकडे पाठवायचे, हा त्यांचा नेम. दुसरा नेम रात्रीचा. झोपण्याआधी घरभर फिरून भिंतीवरचं एकेक बटण बंद करायचं. "फ्रिज तेवढा हातापाया पडून सुटतो," असं आई म्हणायची.

खोकल्याने आईची झोप मोडू नये म्हणून ते कामाच्या खोलीतच कॉटवर झोपत. कॉम्प्युटर सुरू होताना एक लांब 'टीं' वाजायचं. पलीकडच्या खोलीत आईला ते झोपेतच ऐकू यायचं. ऐकलं की ती समजायची, उठले हे, सगळं ठीक आहे. मग कूस बदलून ती आणखी तास-दीड तास झोपायची.

त्या दिवशीही 'टीं' वाजलं. तिने कूस बदलली. सात वाजता चहा घेऊन गेली, तर बाबा टेबल आणि खुर्चीच्या मधे जमिनीवर पडलेले. कॉम्प्युटर चालू. सुरू होताच उघडणारी, आदल्या दिवसाच्या आकड्यांची चौकट रिकामी.

डॉक्टर म्हणाले, पहाटे तीन ते सहाच्या दरम्यान कधीतरी गेले असतील, याहून नेमकं सांगता येणार नाही. वेळेवर हाक मारली असती तर? असं आईने विचारलं, तेव्हा ते बिचारे खरं बोलून गेले, "कधी कधी वाचतो माणूस." तेवढं एक वाक्य आईने घट्ट धरून ठेवलं होतं. साडेपाचला त्यांनी हाताने मशीन लावलं, म्हणजे साडेपाचला ते जिवंत होते. आणि मी कूस बदलली.

आईने कॉम्प्युटर बंद करून त्यावर चादर घातली होती आणि घरात सगळ्यांना बजावलं होतं, त्याला हात लावायचा नाही. दुःखच आहे ते, असं समजून कुणी लावलाही नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेजारणीबरोबर आई डोळे तपासायला गेली, तेव्हा लेकीने मावसभावाला फोन लावला. कॉम्प्युटर त्यानेच जोडून दिला होता. त्याच्या खिशात कायम स्क्रू खुळखुळत म्हणून घरात त्याचं नाव नटबोल्ट पडलं होतं. त्या मशीनला बरं वाटेनासं झालं की बाबा त्यालाच बोलवायचे.

"एक विचारू?" ती म्हणाली. "ते मशीन कुणी बटण न दाबता सुरू होऊ शकतं का?"

"होऊ शकतं, ताई. ठरलेल्या वेळी आपोआप. मीच दाखवलं होतं काकांना, तीनेक वर्षं झाली असतील. त्यांनी ठेवलं की काढलं, देव जाणे."

"कुठे दिसतं ते?"

"साध्या सेटिंगमध्ये नाही दिसणार. कंपनीने लपवून ठेवलंय. सुरू करताना डिलीटचं बटण दाबत राहा, निळी पाटी येईल. तिथे कंट्रोल धरून एफ-वन दाब. मग आणखी एक यादी उघडेल. आणि बाई, दुसऱ्या कशाला हात लावू नकोस, नाहीतर मला तिथे यावं लागेल."

"तू काय, जेवायला निमित्तच शोधतोस."

"मावशी जेवतेय का पण?" त्याने विचारलं. मग स्वतःच म्हणाला, "बघ तू. बघून सांग."

तिने चादर काढली, भिंतीवरचं बटण लावलं. कीबोर्डवर तीन बटणांवर नेलपॉलिशचे लाल ठिपके होते, डिलीट, कंट्रोल आणि एफ-वन. विसरायला नको म्हणून बाबांनी लावलेले. नेलपॉलिश तिचंच, कॉलेजातलं, कधीपासून ड्रॉवरमध्ये पडलेलं. म्हणजे बाबा इथपर्यंत आले होते. म्हणजे ते आपोआपचं लावलं असेल. कुणी हात न लावता वाजलं असेल त्या दिवशी ते. तीन वाजताच गेले असतील बाबा, चार वाजता, आणि आईच्या कूस बदलण्याने काहीएक बिघडलं नसेल.

मशीन सुरू करून, लाल ठिपक्यांवर बोटं ठेवत ती सेटिंगमध्ये शिरली. निळी पाटी आली, मग लपलेली यादी. पंख्याचा वेग, तापमानाच्या मर्यादा, न कळणारी अक्षरं. अगदी खाली ठरलेल्या वेळेची ओळ. तास पाच, मिनिटं तीस. आकडे फिकट दिसत होते, कारण त्यांच्या वरच्या ओळीपुढे लिहिलं होतं, डिसेबल्ड. बंद.

तिने ते पुन्हा वाचलं. मग खुर्ची मागे सारून बराच वेळ भिंतीकडे बघत बसली. बाबांनी लावलं होतं आणि काढूनही टाकलं होतं. त्या पहाटे मशीन त्यांनीच सुरू केलं होतं, स्वतःच्या हाताने.

जिन्यात आईचा आवाज आला तशी ती पुढे झुकली. ओळ बदलून एनेबल्ड केली, जतन केलं, कॉम्प्युटर बंद केला आणि चादर होती तशी घातली. भिंतीवरचं बटण चालूच राहिलं. तिच्या स्वतःच्या घरी ती बटणं कधी कुणी बंद करत नसे.

संध्याकाळी आई भाजी निवडत होती.

"आई, बाबांनी ते मशीन आपोआप सुरू होईल असं लावून ठेवलं होतं. त्या दिवशी ते त्यांनी हाताने लावलंच नसेल."

आईचे हात थांबले. "उघडलंस तू?"

"हो. उद्या पहाटे बघच तू."

"बघते," आई म्हणाली आणि पुन्हा निवडू लागली.

पहाटे दोघी बाबांच्या खोलीत बसल्या, आई खुर्चीवर, लेक कॉटच्या कडेला. साडेपाचला चादरीखाली 'टीं' वाजलं. पंखा फिरू लागला. चादरीच्या कडेतून निळसर उजेड पायाशी सांडला.

लेकीने आईच्या चेहऱ्याकडे बघितलं. आई बघत होती भिंतीकडे, बटणाकडे.

"हे चालू ठेवावं लागतं रात्रभर," आई म्हणाली. "आठ दिवस ठेवलं होतं त्यांनी. मला म्हणाले, बटण चालू आहे या विचाराने डोळ्याला डोळा लागत नाही. नवव्या दिवशी काढून टाकलं."

लेकीनेही बटणाकडे बघितलं.

"काल तू बघितलंस तेव्हा ते आपोआपचं बंद होतं ना? खरं सांग."

"हो."

आईने मान हलवली. आवाज अजिबात चढला नाही. "मला वाटायचं, परत लावलं असेल कधीतरी. मला न सांगता. म्हातारपणी बदलतो माणूस, विसरतो एखाद्या रात्री बटण. एवढंच होतं माझ्यापाशी. म्हणून तर कुणाला उघडू देत नव्हते."

"आई, मी..."

"तुझं काय चुकलं? माझ्यासाठीच केलंस." थोड्या वेळाने तिने विचारलं, "किती वाजले?"

"पाच पस्तीस."

"झोपले होते मी एव्हाना पुन्हा."

लेक उठली आणि भिंतीकडे हात नेला.

"राहू दे," आई म्हणाली. "सातपर्यंत चालू राहू दे."

लेक परत येऊन कॉटच्या कडेला बसली.