सेनापतीचा वन्समोर

आमच्या गावची मंडई, म्हणजे दिवाळीची जत्रा, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी असते. भरदुपारी शाळेच्या पटांगणात दंडार, म्हणजे आमच्याकडचं गाण्या-सोंगांचं नाटक, होते आणि ती बघायला पवनीपासून लांबलांबचे सोयरे येतात. शिंगाडे खातात, ऊस चोखतात, लग्नाच्या पोरीपोरांवर नजर टाकून ठेवतात आणि दंडारीत कोण कुठं चुकलं ते पुढची मंडई येईपर्यंत सांगत बसतात.

या दंडारीत राजा नेहमी आमच्या घरचाच. म्हणजे मोतीलाल, माझे यजमान. एरवी मागावर लुगडी विणतात, पण राजेपण काही अंगावरून उतरत नाही. चहा मागतानाही "हाजीर करा" म्हणतात. आणि दंडारीतला दुष्ट माणूस नेहमी माझा धाकटा भाऊ, ताराचंद. दाराच्या फळीएवढी छाती, आवाज असा की पलीकडच्या आळीत खाकरला तर आमच्या कोंबड्या उठतात.

या दोघांचं तीन वर्षांपासून बोलणं नव्हतं. कारण सांगायलाही लाज वाटते. ताराचंदच्या पोराचं लग्न होतं. जावयांना फेटे बांधायची वेळ आली तेव्हा आमचे हे मंडपामागं लाउडस्पीकरवाल्याला अक्कल शिकवत होते. फेटेवाल्यानं समोर दिसला त्याला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला, पहिला फेटा बांधून टाकला. हे परत आले, बघितलं आणि न जेवता घरी निघाले. ताराचंद कामाच्या तारांबळीत होता. तो म्हणाला, "उपाशी गेले तं जाऊ द्या, भूक लागल्यावर येतीन." ते वाक्य यांच्या कानावर आलं, आणि झालं. हे म्हणत, "त्यानं माफी मांगावं." तो म्हणे, "मी मांडव सोडून पळलो का?"

दोघांच्या मधे मी. तीन भाऊबीजा झाल्या, मी ओवाळणीचं ताट करून ठेवायची आणि भाऊ दोन आळ्या पलीकडं असून यायचा नाही. मीच जावं तर हे म्हणत, "जाय, पण मंग तिकडचाच चहा पेत जाय." गंमत अशी की दंडारीत दोघं बरोबर कामं करत. पटांगणात "महाराजांचा विजय असो!" आणि पटांगणाबाहेर शब्द नाही. तालमीत काही सांगायचं असलं की मधे ढोलकीवाला इश्वर. "इश्वर, सांग त्याले, तलवार हळू मार." "इश्वर, सांग त्यायले, ढाल वर धरा मनावं." इश्वर दोघांच्या मधोमध उभा राहायचा. दोघांनाही सगळं ऐकू जायचं, तरी तो पुन्हा सांगायचा.

यंदाचा वग आमच्या नातीनं, दामिनीनं लिहिला. कॉलेजात इतिहास शिकते. तेच तेच राजे बघून लोक कंटाळले, म्हणून तिनं चीन देशातला एक सेनापती शोधून काढला. हान शिन त्याचं नाव. बावीसशे वर्षांपूर्वीचा माणूस. मागाजवळ बसून ती यांना सांगत होती.

"आबाजी, हा सेनापती नदीले पाठ देऊन लढला. मांगं पानी, समोर दुश्मन. पळाले जागाच नाई, मून फौज जीव तोडून लढली आन जिंकली. एका लढाईत नदीवर रेतीच्या पोत्यायचा बांध घातला. दुश्मन अर्धा नदीत उतरला का बांध फोडला."

यांचा धोटा थांबला. "वैनगंगेवानी नदी?"

"हाव. आन लढाईत त्याले कोनी हरवू शकलं नाई."

एवढं ऐकलं आणि हे उठलेच. दामिनी म्हणते आहे, "आबाजी, थांबा, सुरुवातीची गोष्ट रायली," पण थांबतात कसले. आमच्याकडं दसऱ्याला मारुतीच्या देवळात ढोलकीवर पानाचा विडा ठेवतात. ज्यानं उचलला, त्याचं मुख्य काम. उचललेला विडा परत ठेवायचा नाही, ठेवला तर दंडार मोडते आणि वर्षभर गावात काही वाईट झालं की त्याच्याच नावावर जातं. ताराचंद आधी उचलेल या भीतीनं हे पायात चप्पल न घालता देवळात गेले आणि विडा तोंडात घालूनच परत आले. ओठ लाल, छाती पुढं.

"आता सांग," म्हणाले, "सुरुवातीची कोनती गोष्ट?"

दामिनीनं माझ्याकडं पाहिलं. मी सुपातले तांदूळ निवडत राहिले. मला ती गोष्ट आदल्या दिवशीच सांगून झाली होती. या सेनापतीचं काम आपल्या घरी यावं असं तिला सुचवणारी मीच होते.

"आबाजी, हान शिन लहानपनी लय गरीब. नदीवर मासे धरे, तेबी भेटत नोयते. कपडे धुनारी एक म्हतारी त्याले आपल्या डब्यातलं जेवू घाले. थो म्हने, मोठा झालो का तुये उपकार फेडीन. म्हतारी भडकली. म्हने, उपाशी दिसला मून देल्लं, फेडासाठी नाई."

"बरोबर बोलली," मी म्हणाले.

"मंग एक दिवस बजारात एका गुंडानं त्याले अडवलं. म्हने, कमरेले तलवार लटकवून फिरतं, हिंमत असन तं मार मले. नाई तं माह्या टांगाखालून जाय."

"मंग मुंडकंच उडवलं असन त्याचं!"

"नाई. थो गेला."

"कोठी गेला?"

"टांगाखालून."

यांनी विडा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. मग विचारलं, "गुंड कोन हाय?"

"गुंडाचं काम तं दरसाल ताराचंद मामाजीच करतेत," दामिनी म्हणाली.

त्या दिवशी यांनी चहा मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी तालमीत यांनी वगच बदलायला घेतला. "सेनापती तलवार काढते, गुंडाले मारते, लोकं टाळ्या वाजवतेत. पुढं लढाई."

"पुढं लढाई नाई, आबाजी," दामिनी म्हणाली. "पुढं शिपाई येतीन, खुनी मून पकडतीन आन फाशी देतीन. दंडार तेथीच संपन. सोयऱ्यायले लांबून बोलावून पाच मिनिटं दाखवाचं का?"

ताराचंद वडाच्या पारावर बसला होता. मिशीला पीळ देत म्हणाला, "इश्वर, सांग त्यायले, गुडघे दुखत असन तं मी टांगा थोड्या जास्त फाकवीन."

"इश्वर, सांग त्याले, टांगा आपल्या घरी फाकवावं मनावं!"

इश्वरला यंदा धुणाऱ्या म्हातारीचंही काम होतं. लुगडं अर्धं नेसून तो मधे उभा. "मी काहीच सांगत नाई," म्हणाला, "माह्या निऱ्या सुटून राहिल्या."

सगळ्या तालमी झाल्या, पण तो प्रवेश यांनी केला नाही. "त्या दिवशी करीन," एवढंच. घरी मात्र मागावर बसलेले असले तरी माग चालत नसे. एकदा मला म्हणाले, "सुमित्रा, सगळे सोयरे राहतीन. ज्याले पहिला फेटा भेटला थो साडूबी. जावई साळ्याच्या टांगाखालून जाते, असं कोठी झालं हाय का?"

"चीनमंदी झालं हाय," मी म्हणाले.

"थो त्याचा साळा होता का?"

भाऊबीज आली. मी ताट केलं, अनारसे ठेवले, दार उघडं ठेवलं. संध्याकाळ झाली तसं ताट झाकून ठेवलं. हे माझ्याकडं न बघता म्हणाले, "पुनवेपावतर चालते ना भाऊबीज?" मी झाकलेलं ताट देव्हाऱ्याशेजारी सरकवलं.

मंडईचा दिवस. पटांगण भरलं. झाडावर पोरं, भिंतीवर पोरं. पुढच्या सतरंजीवर साडूबुवा, डोक्याला फेटा बांधूनच आलेले. मी बायकांत बसले आणि पदराचं टोक तोंडात धरलं.

म्हातारीचा प्रवेश झाला. इश्वरनं मिशी काढायला नकार दिला होता, म्हणून म्हातारीनं तोंडावर पदर घेतलेला. मग ताराचंद आला, डोळ्यांत काजळ, गालावर काळा मस. कमरेवर हात ठेवून पाय फाकवून उभा राहिला.

"ए भिकारड्या! हिंमत असन तं तलवार चालव! नाई तं जाय माह्या टांगाखालून!"

यांनी तलवार उपसली. दामिनीनं माझा हात इतका दाबला की बांगडी फुटली. यांनी ताराचंदकडं बघितलं, साडूकडं बघितलं, मग बायकांत शोधून माझ्याकडं बघितलं. तलवार म्यान केली, धोतर खोचलं, गुडघे टेकले आणि गेले. रांगत या बाजूनं त्या बाजूला.

काय शिट्ट्या! काय टाळ्या! भिंतीवरचं एक पोरगं हसता हसता खाली पडलं. आणि मागून कोणीतरी ओरडलं, "वन्समोर!"

मी कपाळावर हात मारला. आमच्या दंडारीत वन्समोर आला की तो प्रवेश पुन्हा करावाच लागतो. राजा असो की भिकारी, नाही म्हणायचं नाही. हा नियम यांनीच चाळीस वर्षं चालवला. स्वतःच्या गाण्याला आपलीच माणसं बसवून वन्समोर घ्यायचे. आता सगळं पटांगण ओरडत होतं आणि सगळ्यात मोठा आवाज साडूचा.

हे पुन्हा फिरून आले. पुन्हा रांगले. पुन्हा "वन्समोर!"

तिसऱ्या वेळी अर्ध्यात थांबले. डोकं पुढं, बाकीचं मागं, मधे ताराचंदचे पाय. लोकांना वाटलं, काय ॲक्टिंग आहे! पण मला ओळखू आलं. डावा गुडघा. थंडीत मागावरून उठतानाही धरतो.

खालून आवाज आला. माईक गळ्यात अडकवलेला, सगळ्या मंडईनं ऐकला. "ताऱ्या, गुडघा अटकला बे."

तीन वर्षांतला पहिला शब्द. इश्वर सवयीनं सांगायला पुढं झाला, पण ताराचंदच खाली वाकला. "कोनता, भाऊजी? डावा का उजवा? हलू नोका!" गुंडानं सेनापतीला काखेत हात घालून उचललं आणि लेकरासारखं कडेला टाकलेल्या बाजेवर नेऊन बसवलं. तिकडून पुन्हा वन्समोरचा गलका झाला, तसा ताराचंद गर्रकन वळला. "बंद करा बे! मानसाचा गुडघा गेला आन तुमाले वन्समोर पायजे! साडूबुवा, लय हौस असन तं तुमी या टांगाखालून!"

साडूबुवांनी लगेच शिंगाडा सोलायला घेतला.

पुढच्या सगळ्या लढाया सेनापतीनं बाजेवर बसून जिंकल्या. चार सैनिकांनी बाज उचलली की स्वारी, खाली ठेवली की छावणी. नदीला पाठ देऊन लढायचं होतं तेव्हा बाज उलटी फिरवली. बावीसशे वर्षांत अशी लढाई झाली नसेल, पण लोकांना पटली. हान शिनला पुढं राणीनं कपटानं मारलं, ते मात्र यांनी आधीच काढून टाकलं होतं. "पाव्हने जेवाले जातेत, मरन कायले दाखवता?"

म्हणून शेवट असा, की सेनापती मोठा होऊन गावी येतो आणि सैनिक त्या गुंडाला धरून आणतात. ताराचंद बाजेपुढं मान खाली घालून बसला.

"याले मारू नोका," हे म्हणाले. "त्या दिवशी याले मारलं असतं तं मी खुनी मून मेलो असतो. हा आजपासून माह्या फौजेतला अधिकारी."

दामिनीनं लिहिलेलं इथं संपत होतं. ढोलकी वाजायला हवी होती. पण यांनी हात वर करून इश्वरला थांबवलं. डोक्यावरचा लाल फेटा काढला. वाकता येत नव्हतं, म्हणून ताराचंदला ओढून जवळ घेतलं आणि फेटा त्याच्या डोक्यावर ठेवला. ताराचंदचं काजळ गालावरच्या मसापर्यंत आलं.

"पहिला फेटा तुमचा होता, भाऊजी," तो म्हणाला. माईक अजून सुरूच होता. "मी धावत येऊन तुमाले वापस न्याले पायजे होतं."

संध्याकाळी तो तसाच, फेट्यासकट, आमच्या दारात आला. मी ताटावरचं फडकं काढलं, दिवा लावला, ओवाळलं. कुंकू लावायला गेले तर कपाळावर रंगाचा थर. तिथंच लावलं.

जेवायला दोघांना शेजारी बसवलं. यांच्या गुडघ्यावर एरंडाचं पान बांधलेलं. दोघांनी आपापल्या ताटात बघत भात कालवला.

"सुमित्रा," हे म्हणाले, "सांग त्याले, अनारसे घे मनावं."

"बाई, सांग त्यायले, पोट भरलं."

मी पळी खाली ठेवली. "मी इश्वर नाई. तुमचं तुमी बोला."

ताराचंदनं ताटावर हात आडवा धरला, उठायच्या बेतात. तेव्हा यांनी अनारशाचा डबा आपल्याकडं ओढला, त्याच्याकडं तोंड केलं आणि वाटीवर पेला आपटून ओरडले, "वन्समोर!"

ताराचंदनं ताटावरचा हात काढून घेतला.